आदेश क्रमांक त्रेपन्न

"ही आद्याक्षरं तुमचीच ना?"

डॉ. होल्स्टाइनबाईंनी कागद टेबलावरून पुढे सरकवला, पण त्याच्या कडेवरचं बोट काही उचललं नाही. अभिलेखागारात काम करणाऱ्यांची ही सवय असते. कागद दाखवतात, देत नाहीत.

आल्बान रुकडेशेलने चष्मा लावला. खरं तर गरज नव्हती. दारातून आत येतानाच त्याने कागद ओळखला होता. 'आदेश क्र. ५३. दिनांक ४ नोव्हेंबर १९३८. तुकडीप्रमुख गॉटहिल्फ मॉयझेल यांना आईच्या आजारपणामुळे दि. ५ ते १५ नोव्हेंबर रजा मंजूर. रजेच्या काळात मुक्काम गावाबाहेर.' खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आ. रु.

"माझीच," तो म्हणाला.

"छान. म्हणजे कागद अस्सल. एवढंच हवं होतं मला." बाईंच्या चेहऱ्यावर खराखुरा आनंद दिसला. वय तिशीच्या आसपास, केस मागे घट्ट बांधलेले, बोटांवर शाईचे डाग. "तुम्हाला कल्पना नाही, हे आदेश आमच्यासाठी काय आहेत ते. भाषणं खोटी असतात, वर्तमानपत्रं खोटी असतात, आता तर माणसंही खोटं बोलतात. पण कोणाला बढती दिली, कोणाची बदली झाली, कोण रजेवर गेलं, असल्या कोरड्या कागदात खोटं कोण कशाला लिहील? हे लिहिणाऱ्याला वाटलंही नव्हतं की पंचवीस वर्षांनी कोणी वाचेल."

आल्बानने चष्मा काढून खिशात ठेवला. बाहेर पडताना त्याने विचारलं, "हे कोर्टात जाणार का?"

"जाणार ना. बचाव पक्षानेच मागितलाय. तुम्हालाही यावं लागेल. दोन मिनिटांचं काम."

आल्बान तेव्हा एकोणसाठचा होता आणि वाइडेनफेल्सच्या नगरपालिकेत पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मीटरच्या नोंदी ठेवत होता. १९३४ साली, हिटलरचं राज्य येऊन वर्ष झालेलं असताना, तो नाझी पक्षाच्या निमलष्करी दलाच्या विभागीय कचेरीत चिकटला होता. बाकीची पोरं दलात जायची ती गणवेशासाठी आणि मारामारीसाठी. आल्बान गेला तो टाइपिंग येतं म्हणून. दोन वर्षं बेकार होता आणि बाबेटशी लग्न ठरलं होतं. नंतरची सात वर्षं त्या कचेरीतून निघालेला एकूण एक आस्थापना आदेश त्याच्या बोटांखालून गेला. ओळी सरळ, समास सारखे, खाडाखोड नाही. वरच्या कचेरीतले लोक म्हणायचे, वाइडेनफेल्सचे कागद डोळे मिटून सही करावेत असे असतात.

गॉटहिल्फ मॉयझेल आता लाकडाचा व्यापारी होता आणि गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा प्रमुख. नऊ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री गावातलं यहुद्यांचं प्रार्थनास्थळ जाळलं गेलं. ज्युलियस झालमान नावाच्या, बिअरमध्ये लागणाऱ्या हॉपच्या फुलांच्या व्यापाऱ्याला घरातून ओढून काढून गोदामामागच्या बोळात इतकं मारलं, की सकाळपर्यंत तो जगला नाही. त्या खुनाचा खटला आता, १९६४ च्या उन्हाळ्यात, मॉयझेलवर उभा राहिला होता. झालमानची मुलगी लोरे इंग्लंडहून साक्षीला येणार होती. ती तिकडे एका इस्पितळात परिचारिका होती.

घरी आल्यावर आल्बानने बाबेटला सगळं सांगितलं. ती बटाट्याचे गोळे वळत होती.

"मग? तू काय म्हणालास?"

"माझी आद्याक्षरं आहेत म्हणालो."

"आहेतच की."

"हो. पण कागद नोव्हेंबरचा नाहीये, बाबेट."

तिचे हात थांबले नाहीत. "मला माहितीये. एकोणचाळीसच्या जानेवारीत तू तीन दिवस जेवायला घरी आला नव्हतास. मी डबा घेऊन आले होते, तर तू दार लावून टाइप करत बसलेला. मी तेव्हा विचारलं नाही आणि आताही विचारत नाहीये. दोन मिनिटांचं काम आहे म्हणाल्या ना त्या बाई? दोन मिनिटांत उरक आणि घरी ये."

"आणि ती मुलगी?"

"कसली मुलगी? आता चाळिशीला आली असेल." तिने गोळा उकळत्या पाण्यात सोडला. "आपल्याला याच गावात मरायचंय, आल्बान. ती परत जाईल."

त्या दिवशी तरी बाबेटचं म्हणणं त्याला पटलंच होतं.

खटला जिल्ह्याच्या न्यायालयात होता. आल्बानची साक्ष तिसऱ्या दिवशी दुपारी होती, पण सकाळची बस धरल्यामुळे तो लवकर पोचला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. पुढच्या दोन रांगा वाइडेनफेल्सच्या लोकांनी भरल्या होत्या. अग्निशमन दलातले सात-आठ जण तर गणवेशातच आले होते.

लोरे झालमानची साक्ष चालू होती. बारीक अंगाची, राखाडी कोट घातलेली बाई. तिची भाषा मात्र अजून इथलीच होती, वाइडेनफेल्सच्या बाजारातली.

"मॉयझेल आधी आमच्याकडे गाडीवर होता," ती सांगत होती. "हॉपची पोती न्यायचा. मला चिमणे म्हणायचा. मी जिन्याखाली होते. वर आईला धरून ठेवलं होतं. खालून तो ओरडला, 'ज्युलियस, मुकाट्याने ये, नाहीतर चिमणीला बाहेर काढतो.' मग बाबा गेले. त्यांनी बूटसुद्धा घातले नाहीत."

बचावाचा वकील उठला. उंच, मवाळ आवाजाचा माणूस. "बाई, तुमच्या दुःखाबद्दल मला आदर आहे. तुमचं वय तेव्हा किती होतं?"

"अकरा."

"झोपेतून उठलेल्या होतात?"

"हो."

"जिन्याखाली अंधार. बाहेर आरडाओरडा, काचा फुटतायत. आणि अशा वेळी तुम्ही एक आवाज ऐकलात."

"ऐकला नाही. ओळखला."

"तुम्ही आवाज ओळखलात, बाई. आमच्याकडे कागद आहे." त्याने तो वर धरला. "त्या रात्री माझे अशील इथून साठ मैलांवर आईच्या उशाशी होते. हे आज कोणी सांगत नाहीये, त्या वेळचा आदेश सांगतोय. यावर तुमचं म्हणणं काय?"

लोरेने कागदाकडे पाहिलं. मग न्यायाधीशांकडे. "म्हणजे माझ्या कानांनी खोटं ऐकलं, असं ना?"

"असं होतं कधी कधी," वकील हळुवारपणे म्हणाला. "मुलांच्या बाबतीत."

पुढच्या रांगेत कोणीतरी घसा खाकरल्यासारखं हसलं. लोरे उभीच राहिली. बसायला सांगितलेलं तिला ऐकू गेलं नसावं. शेवटी शिपायाने तिच्या कोपराला धरून तिला बसवलं.

आल्बानचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तो नेहमीसारखाच उठला, टोपी बाकावर ठेवली आणि पुढे गेला. आपण काय बोलणार आहोत हे तिथे पोचेपर्यंत त्याला माहीत नव्हतं, असं त्याने नंतर बाबेटला सांगितलं. तिने ते मानलं नाही.

"या आदेशावरची आद्याक्षरं तुमची?"

"माझी."

"धन्यवाद. तुम्ही जाऊ—"

"कागद मी केलाय," आल्बान म्हणाला.

"टाइप केलाय, असं म्हणायचंय तुम्हाला."

"नाही. केलाय. जानेवारीत. मॉयझेलनी सांगितल्यावर. वरून चौकशी लागेल अशी कुणकुण होती, म्हणून त्यांना रजा पाहिजे होती. नोव्हेंबरात ते रजेवर नव्हते. दहा तारखेला पहाटे साडेसहाला ते कचेरीत आले. मी रात्रभर टेलिफोनवर होतो. मला म्हणाले, गरम पाणी आण. मी घमेल्यात आणलं. त्यांनी हात धुतले. पाणी लाल झालं, म्हणून ते फेकून दुसरं आणलं. साबणही मीच दिला."

दालनात एकदम गलका उठला. न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला. मॉयझेल आरोपीच्या बाकावर हाताची घडी घालून बसला होता. रागावलेला दिसत नव्हता. जुना मित्र दारूच्या गुत्त्यात बरळायला लागला की आपण पाहतो, तसा तो आल्बानकडे बघत होता.

बचावाच्या वकिलाने घाई केली नाही. "आदेशांना क्रमांक असतात ना, रुकडेशेल साहेब?"

"असतात."

"मग मध्येच एक घुसवला, तर पुढचे सगळे क्रमांक चुकतील."

"म्हणून पुढचे सगळे परत टाइप केले. त्रेपन्नचा चोपन्न, चोपन्नचा पंचावन्न, असं करत."

"पण फाईल तर सप्टेंबरपासून एकाच यंत्रावर टाइप केलेली दिसते."

"जुनं यंत्र डिसेंबरात बिघडलं. नवीन यंत्राचं अक्षर मध्येच उठून दिसलं असतं. म्हणून फाईल जिथे सुरू होते तिथपासून, एक्केचाळीसपासून, सगळी नव्याने केली. बावीस कागद."

"एका रजेसाठी बावीस कागद? कोणी सांगितलं होतं एवढं करायला?"

आल्बानने विचार केला. "रजेचा आदेश करायला सांगितलं होतं. बाकीचं मी माझ्या मनाने केलं."

"का?"

"अर्धवट काम दिसलं असतं."

यावर लोक मोठ्याने हसले. आल्बानला त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

"मूळ कागद कुठे आहेत?"

"शेगडीत घातले."

"वरच्या कचेरीतल्या प्रती?"

"त्याही मागवून बदलल्या. पुढे ती कचेरीच बाँबमध्ये गेली."

"म्हणजे तुमच्या म्हणण्याला एकही कागद नाही." वकिलाने दुसरी फाईल उघडली. "माझ्याकडे मात्र आहेत. आदेश क्र. ४, जानेवारी १९३९. 'आल्बान रुकडेशेल यांना कामातील तत्परतेबद्दल बढती.' हा खरा की खोटा?"

"खरा."

"आणि हा. ऑगस्ट १९४१, सही मॉयझेल. 'रुकडेशेल दारूच्या आहारी गेल्याने कामात हयगय करतात. त्यांना कचेरीतून काढून आघाडीवर पाठवावं.' गेलात ना तुम्ही रशियात?"

"गेलो. पायाची चार बोटं तिकडेच राहिली."

"मग माझ्या अशिलावर राग असणं साहजिक आहे."

"मी दारू पीत नाही. माझ्या पोटाला सोसत नाही. त्यांना फक्त मी तिथे नको होतो."

"बिअरसुद्धा नाही?"

"नाही."

"वाइडेनफेल्समध्ये राहून!" वकील बाकांकडे वळला. अग्निशमन दलवाले मांड्यांवर थापा मारत होते. "म्हणजे हा आदेशही खोटा. हा कोणी टाइप केला होता?"

आल्बानने त्या कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं. "मीच," तो म्हणाला. "त्या कचेरीतला माझा शेवटचा."

"आणि त्यावर तुम्ही हरकत घेतली नाहीत?"

"समोर आलं ते टाइप करायचो."

मग डॉ. होल्स्टाइनबाईंना तज्ज्ञ म्हणून विचारलं गेलं. त्या सांगू शकत होत्या ते फक्त कागदाबद्दल, आणि ते त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. क्रमांक सलग आहेत. कागद एकाच बनावटीचा. अक्षर एकाच यंत्राचं. फेरफार केल्याची एकही खूण नाही. अशा आदेशांना इतिहासाच्या अभ्यासात मोठं वजन असतं, कारण ते भावी पिढ्यांना दाखवायला लिहिलेले नसतात.

"सव्वीस वर्षांनंतरच्या आठवणीपेक्षा जास्त?" वकिलाने विचारलं.

बाईंनी आल्बानकडे पाहायचं टाळलं. "साधारणपणे, हो."

आठ दिवसांनी निकाल लागला. मॉयझेल सुटला. न्यायाधीशांनी निकालपत्रात लिहिलं की साक्षीदार झालमान यांच्या सचोटीबद्दल शंका नाही, पण त्यांचा गैरसमज झाला असावा. साक्षीदार रुकडेशेल यांच्या सचोटीबद्दल न्यायालय मत देऊ इच्छित नाही.

बाहेर पायऱ्यांवर गर्दी होती. कोणीतरी मॉयझेलच्या हातात फुलं दिली. आल्बान भिंतीकडेने उतरत होता, तेवढ्यात मॉयझेलने गर्दीतून वाट काढून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अरे आल्बान, प्रकृती फार उतरली तुझी. जप." मग जवळ येऊन, अगदी आपुलकीने म्हणाला, "तुझ्यासारखा कारकून मला परत मिळाला नाही बघ. बावीस कागद! मला तर आजपर्यंत माहीतही नव्हतं."

होल्स्टाइनबाई खाली मोटारीपाशी थांबल्या होत्या. आल्बान त्यांच्याजवळ गेला.

"डॉक्टरबाई, तुम्हाला तरी पटलं ना?"

त्यांनी फाईल छातीशी धरली. "मला पटून काय उपयोग? कागदात ते दिसायला हवं."

"मी लिहून देतो की. सगळं. कुठला कागद कोणत्या दिवशी केला तेसुद्धा."

"द्या. आम्ही ठेवू. पण ते १९६४ चं असेल, रुकडेशेल साहेब. मला १९३८ चं हवं." त्यांचे डोळे लाल झाले होते. "तुम्ही मला त्या दिवशीच का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं ना?"

"तुम्ही आद्याक्षरं विचारली होती," आल्बान म्हणाला. असं म्हणायचं नव्हतं हे बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. बाई मोटारीत बसल्या.

गावात कोणी त्याला काही केलं नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्याचं टेबल खिडकीपासून उचलून जिन्याखाली ठेवलं, एवढंच. बेकरीत त्याची पाळी आली की पाव संपलेला असायचा. बाबेट बहिणीकडे राहायला गेली. जाताना तिने त्याचे सदरे इस्त्री करून ठेवले आणि दारातून म्हणाली, "इतकी वर्षं गप्प बसलास. बोलायचंच होतं, तर तेव्हाच नाही का बोलायचं? आता बोलून कोणाचं भलं केलंस? माझं नाही, तिचं नाही. तुझं तरी झालं का?"

"माहीत नाही," आल्बान म्हणाला.

"मी सांगते. नाही झालं."

निकालानंतर चौथ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, लोरे झालमान पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आली. जिन्याखालच्या टेबलापाशी ती उभी राहिली तेव्हा बाकीच्यांनी आपापले डबे उचलले आणि बाहेर गेले.

"माझी गाडी संध्याकाळी आहे," ती म्हणाली. "मला तो बोळ पाहायचाय. नगरपालिकेत विचारलं, तर म्हणतात रस्त्यांची नावं बदललीत, आम्हाला सांगता येणार नाही. तुम्हाला माहितीये?"

"माहितीये."

"चला मग."

भर उन्हात दोघं बाजारातून निघाली. आल्बान लंगडत पुढे आणि ती चार पावलं मागे. त्याला कोणी नमस्कार केला नाही. कसाई दुकानाच्या दारात सुरी पुसत उभा राहून बघत होता. बाजार मागे पडल्यावर ती म्हणाली, "तुम्ही ते कागद केलेत तेव्हा मनात काय होतं?"

आल्बान चालत राहिला. काहीतरी चांगलं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. "क्रमांक चुकू नयेत," तो म्हणाला.

"माझ्या बाबांचा विचार?"

"नाही आला."

ती थांबली. तो मागे वळला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रोग्याची जखम उघडून आत किती खोल गेलंय ते पाहतात, तसं ती त्याच्याकडे पाहत होती.

"कोर्टात सगळे म्हणत होते की तुम्ही खोटं बोलताय," ती म्हणाली. "मला मात्र लगेच पटलं. फार नीट काम केलंत तुम्ही. इतकं नीट, की माझ्या बाबांना मारायला आलेला माणूस तिथे नव्हताच. मेल्यावर तुम्ही त्यांना परत एकदा मारलंत. आणि ते करताना तुमचा हात एकदाही चुकला नाही."

"नाही," आल्बान म्हणाला.

गोदाम आता मोटारीच्या टायरांचं दुकान झालं होतं. मागचा बोळ तोच होता. अरुंद, दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती, मधोमध सांडपाण्याची पन्हळ. आल्बान डाव्या भिंतीपाशी गेला आणि एका जागी थांबला.

"इथे," तो म्हणाला. "सकाळी मी नगरपालिकेच्या हातगाडीबरोबर आलो होतो. कचेरीतर्फे नोंद करायला. डोकं या बाजूला होतं."

लोरे त्या जागेकडे पाहत राहिली. तिथे टायरांचे रिकामे खोके पडले होते. तिने ते एक एक करून बाजूला केले. आल्बान मदतीला वाकला, तर ती वर न बघता म्हणाली, "तुम्ही नको. तुम्ही जा आता."

तो बोळाच्या तोंडाशी आला. मागे तिचा आवाज येत नव्हता, रडण्याचाही नाही. समोरून टायरांनी भरलेला ट्रक वळून आला आणि बोळात शिरायला लागला. आल्बान रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि त्याने हात वर केला.

चालकाने करकचून ब्रेक दाबला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ए म्हाताऱ्या, बाजूला हो! माल उतरवायचाय मला!"

"थोडं थांबा," आल्बान म्हणाला. "आत कोणीतरी आहे."

"कोण आहे?"

चालकाने कर्णा दाबला, दाबतच राहिला. दुकानातून माणसं बाहेर आली, वरच्या खिडक्या उघडल्या. तू बेवडा रुकडेशेल ना, असं कोणीतरी ओरडलं. ट्रकचं गरम नाक त्याच्या छातीपासून हातभर अंतरावर धडधडत होतं. आल्बानने वर केलेला हात खाली घेतला नाही.